प्रवासांतील शेगडी

गेल्या वर्षीं भाद्रपदाच्या सुमारास आम्ही उभयतां चिरंजीवाकडे अमेरिकेंत गेलों होतों. डेट्रॉइट शहराच्या एका उपनगरांत त्याचें बिऱ्हाड आहे. परदेशीं जाऊन आलेल्या प्रत्येक गृहस्थानें तेथील रस्ते, दुकानें व शिस्त यांवर एक तरी लेख लिहिलाच पाहिजे, असा प्रघात पडला आहे. वाचकांनीं भिऊं नये. तो लेख आम्ही लिहिणार नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें एका चौदा इंची शेगडीविषयीं, आणि तेंहि अशासाठीं कीं, त्या शेगडीमुळें एके रात्रीं पांच माणसांच्या जिवावर बेतलें होतें, व त्यांत चूक सर्वस्वीं आमची होती.

तिकडे ‘कँपर’ नांवाची गाडी भाड्यानें मिळते. बाहेरून पाहतां ती आपल्याकडील एखाद्या लहानशा बससारखी दिसते. आंत मात्र दोन रुंद बिछाने, घडीचें मेज, हातभर लांबीचा ओटा, पाण्याची टांकी, दोन चुलींचा गॅस आणि स्नानादि विधींची सोय, इतका सगळा संसार बसविलेला असतो. आम्हीं तिचें ‘गृहरथ’ असें नामकरण केलें. नातवानें तें नांव दोन दिवस मोठ्या उत्साहानें वापरलें आणि तिसऱ्या दिवशीं सोडून दिलें. आठ दिवसांचा बेत होता. मिशिगन संस्थानाचे दोन तुकडे आहेत; मधल्या सामुद्रधुनीवर १९५७ सालीं खुला झालेला सुमारें पांच मैलांचा पूल आहे. तो ओलांडून उत्तरेकडील द्वीपकल्पांत शिरावें व लेक सुपीरियर या सरोवराच्या कांठाकांठानें हिंडावें, असें ठरलें. सरोवर म्हणावयाचें तें केवळ पाणी गोडें म्हणून. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस किलोमीटर आहे, आणि समोरचा तीर म्हणून कांहीं दिसतच नाहीं.

आतां गाडींत गॅस असतां निराळी शेगडी कशाला, असें कोणी विचारील. पहिलें कारण भरिताचें. बंद गाडींत वांगें भाजलें तर त्याचा वास पुढील चार मुक्काम अंथरुणांत राहतो. मग बाहेर भाजावें. पण बाहेर कशावर? तिकडे सरकारी उद्यानांतून मुक्कामाच्या जागा आंखून दिलेल्या असतात. प्रत्येक गाडीस एक जागा, एक लांकडी मेज, आणि जमिनींत रोवलेलें एक लोखंडी कडें, त्यावर जाळी. ही जाळी सार्वजनिक. आदल्या रात्रीं तीवर कोणीं काय भाजलें असेल, हें तिच्याकडे पाहूनच कळत होतें. आमच्या कुटुंबानें एकदां पाहिलें आणि म्हटलें, “अहो, ज्याचें अन्न त्याला गोड; पण माझें वांगें या जाळीवर चढणार नाहीं.” सूनबाई तिकडे बारा वर्षें राहून या बाबतींत बरीच उदार झाली आहे, तथापि सासूबाईंच्या या वाक्याला तिनें मान डोलावलेली आम्हीं पाहिली.

दुसरें कारण आम्हांस ठाऊक नव्हतें, तें तेथील फलक वाचून कळलें. जळाऊ लांकूड दुरून बरोबर आणूं नये, अशी सूचना तिकडे जागोजाग लावलेली असते. आशिया खंडांतून आलेला एक हिरवा, चकचकीत, अर्ध्या इंचाचा भुंगा २००२ सालीं डेट्रॉइटच्या परिसरांत प्रथम आढळला. ॲश नांवाच्या वृक्षाच्या सालीखालून त्याच्या अळ्या कोरीत जातात आणि अख्खें झाड वाळून मरतें. असे कोट्यवधि वृक्ष त्यानें आजवर संपविले आहेत. हा भुंगा स्वतः फार दूर उडत नाहीं. तो प्रवाशांच्या सरपणांत बसून गाडीनें प्रवास करतो. कोळशांत मात्र अळी जगूं शकत नाहीं. तेव्हां पोतेंभर लांकडापेक्षां पुडाभर कोळसा बरा, असा हिशेब करून चिरंजीवानें निघण्यापूर्वींच एक शेगडी विकत घेऊन ठेविली होती.

ही शेगडी गोल, तीन आंखूड पायांची. बुडाशीं वारा आंत येण्यासाठीं भोंकें, वर घुमटासारखें झांकण, त्या झांकणालाहि भोंकें, आणि तीं उघडण्या-मिटण्यास एक फिरती चकती. वजनास इतकी हलकी कीं सात वर्षांचा नातू ती एका हातानें उचली. आमच्या बालपणींच्या शेगड्या आम्हांस आठवल्या. जुन्या पत्र्याच्या बादलीला आंतून माती लिंपून, मध्यें लोखंडी गजांची जाळी बसवून त्या घरींच केलेल्या असत. वखारींतून कोळशाचें पोतें येई, त्यांतला चुरा शेणांत कालवून त्याचे गोळे वाळत घालावे लागत, आणि पहांटे पुठ्ठ्यानें वारा घालण्याचें काम घरांतल्या सर्वांत धाकट्या मुलाकडे, म्हणजे आमच्याकडे असे. अमरकोशांत शेगडीला अंगारधानिका, अंगारशकटी, हसन्ती व हसनी अशीं चार नांवें दिलीं आहेत. शकटी म्हणजे लहान गाडी. शेगडी हा आपला शब्दहि त्या शकटीपासूनच आला, असें व्युत्पत्ति पाहणारे सांगतात. म्हणजे आमच्या रथाच्या पोटांत एक चिमुकली गाडी बसून चालली होती! आणि हसन्ती म्हणजे हंसणारी. ज्यानें हें नांव ठेविलें, त्यानें फुललेल्या निखाऱ्यांपाशीं बसून हिंवाळ्याच्या पुष्कळ रात्रीं काढल्या असल्या पाहिजेत. या हंसण्याविषयीं आम्हांस पुढें आणखी लिहावयाचें आहे.

कोळशाचा पुडा फोडला तेव्हां आंत आपल्या ओळखीचा वेडावांकडा कोळसा दिसेना. लहानशा उशीसारख्या फुगीर, सारख्या मापाच्या काळ्या वड्या होत्या. लांकडाच्या भुशाचा कोळसा करून त्यांत पिठाची खळ मिसळतात व दाबून अशा वड्या पाडतात. यांना ब्रिकेट म्हणतात. म्हणजे आमच्या मातोश्रींचे चुऱ्याचे गोळेच. फक्त शेणाऐवजीं खळ आणि हाताऐवजीं यंत्र. पेन्सिल्व्हानियांतील एल्सवर्थ झ्वॉयर या गृहस्थानें १८९७ सालीं यांचें पेटंट घेतलें. परंतु या वड्या घरोघर पोंचविल्या त्या मोटारवाल्या हेन्री फोर्डनें, आणि त्याहि ज्या द्वीपकल्पांत आम्ही हिंडत होतों तेथूनच. त्या काळच्या मोटारीला लांकूड फार लागे. त्यासाठीं फोर्डनें या भागांत अफाट जंगल विकत घेऊन आयर्न माउंटन गांवाजवळ करवती चालविल्या. फळ्या निघाल्यावर उरलेल्या ढलप्या व भुसा यांचा ढीग पाहून त्याच्या काटकसरी जिवाला चैन पडेना. तेव्हां त्याचा कोळसा करण्याचा कारखाना त्यानें १९२० नंतरच्या दशकांत तेथेंच काढला. पुढील दशकांत त्याच्या मोटारींच्या दुकानांतून मोटारीबरोबर कोळशाचा पुडा आणि सहलीची शेगडीहि विकत मिळूं लागली.

हा फोर्ड स्वतः वनविहाराचा मोठा शोकी. संशोधक एडिसन, टायरवाले फायरस्टन आणि निसर्गावर लिहिणारे वृद्ध जॉन बरोज यांना घेऊन तो उन्हाळ्यांत मोटारींच्या ताफ्यासह रानांत तळ देऊन राहात असे. १९२१ सालीं तर खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंग त्यांच्या तळावर राहून गेले. या थोर मंडळींच्या ताफ्यांत स्वयंपाकाची स्वतंत्र गाडी व आचारी असे. तेव्हां वांगें परतावयास कोणीं उठावें, हा प्रश्न त्यांना कधीं पडला नसावा.

आमच्याकडे तो प्रश्न रोज पडे व रोज त्याचें उत्तर आम्हीच असूं. या शेगडीवर रांधण्याची रीत आम्हांस दोन दिवसांत साधली. कोळसे लवकर पेटावे म्हणून रॉकेलसारखें एक द्रव्य तिकडे बाटलींतून मिळतें. त्याचा दर्प अन्नाला लागतो, म्हणून तें आम्हीं घेऊंच दिलें नाहीं. त्यापेक्षां पत्र्याचें एक नळकांडें फार सोयीचें. त्याच्या मध्यावर जाळी असते. खालच्या पोकळींत वर्तमानपत्राचे दोन बोळे ठेवावे, वर कोळसे भरावे, आणि बोळ्यांना काडी लावावी. धुराड्यासारखा वारा आपोआप वर ओढला जातो; फुंकणें नाहीं, वारा घालणें नाहीं. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवर पांढरट राखेचा पातळ थर चढतो. तोपर्यंत धीर धरावा, मगच ते शेगडींत ओतावे. ओततांना सगळीकडे पसरूं नयेत. एका बाजूस ढीग करून दुसरी बाजू मोकळी ठेवावी. ज्याला आंच हवी तें निखाऱ्यांवर, ज्याला नुसती धग हवी तें बाजूला. बाकी सर्व काम त्या भोंकांचें. तीं उघडलीं कीं निखारे फुलतात, अर्धीं मिटलीं कीं मंद होतात. झांकण घालून वांग्याला चाळीस मिनिटें दिलीं तर तिकडचें तें भलें थोरलें, साधारण बेचव वांगेंहि अशा चवीचें होतें कीं गॅसवरच्या भरिताची पुन्हां आठवण होऊं नये.

कणसांविषयीं मात्र आमचें व चिरंजीवाचें मत जुळलें नाहीं. तिकडचा मका अति गोड व कोंवळा. चिरंजीव म्हणे, कणीस सालीसकट अर्धा तास पाण्यांत भिजत घालून मग भाजावें, म्हणजे आंतल्या आंत वाफवतें. आमचें म्हणणें, वाफवावयाचें तर शेगडी कशाला पेटविली? कणीस उघडें, निखाऱ्यावर, दाणे तडतडेपर्यंत भाजलें पाहिजे, आणि त्यावर लिंबाच्या फोडीनें मीठ-तिखट चोळलें पाहिजे. शेवटीं दोन्ही प्रकार केले. शेजारच्या गाडींत एक वृद्ध अमेरिकन दांपत्य उतरलें होतें. त्यांना सूनबाईनें दोन्ही कणसें नेऊन दिलीं. त्या आजोबांनीं तिखटाचें कणीस संपवून, डोळे पुसून, आणखी एक मागून घेतलें. या निकालावर आम्ही अद्याप समाधानी आहों. फुलके तव्यावर भाजून शेवटीं निखाऱ्यावर फुगविले, पोह्याचे पापड भाजले. सरोवराच्या लाटांचा आवाज, देवदारासारख्या झाडांचा वास, आणि पानांत गरम फुलका! कुटुंब एके रात्रीं म्हणालें, “आपण देशावर राहिलों आणि हें सुख येथें येऊन भोगतों आहों.”

आतां मूळ गोष्ट.

सहावा मुक्काम सरोवराच्या अगदीं कांठीं होता. दिवसा सुरेख ऊन पडलें होतें. सूर्यास्तानंतर वारा उत्तरेकडून वाहूं लागला आणि थंडी अशी वाजूं लागली कीं आम्हीं शालीवर शाल घेतली. रात्रीं पिठलें-भात केला होता, व शेगडीवर रताळीं भाजलीं होतीं. जेवणें आटोपतात न आटोपतात तोंच पाऊस आला. सगळे धांवत गाडींत गेले. शेगडी बाहेर मेजाखालीं राहिली.

गाडींत ऊब देणारें यंत्र होतें. पण तें मधून मधून घरघर करून सुरू होई व पुन्हां थांबे, आणि प्रत्येक वेळीं आमची झोंप मोडे. म्हणून तें रात्रीं बंद ठेवावें, असा आमचा पहिल्या दिवसापासूनचा आग्रह. चिरंजीवानें तो मानला होता. त्या रात्रीं पाय गारठले. भिजूं नये म्हणून शेगडी पाहावयास आम्ही खालीं उतरलों. झांकण काढून पाहिलें तों वर सगळी पांढरी राख. एक ठिणगी दिसेना, धुराची रेघ नाहीं. राखेवर हात धरला, तर काय सुखद ऊब! विस्तव विझला आहे, आतां नुसती ऊब उरली आहे, ती पावसांत कां वाया घालवावी, असा विचार मनांत आला. भोंकें मिटलीं, शेगडी एका थाळ्यांत ठेविली, आणि आंत आणून दाराजवळ आमच्या बिछान्याच्या पायथ्याशीं ठेवून दिली.

कुटुंब म्हणालें, “अहो, हें आंत कशाला?”

“विझली आहे ती. पायांना शेक लागेल.”

चिरंजीव व सूनबाई वरच्या बिछान्यावर निजलीं होतीं. त्यांना विचारावें असें मनांत आलें नाहीं असें नाहीं. आलें, पण पासष्ट वर्षांच्या माणसानें शेगडी कोठें ठेवावी हें मुलाला उठवून विचारावें, हें आमच्या अहंकाराला रुचलें नाहीं. त्याच्या जन्माच्या आधीं आम्ही शेगड्या पेटवीत होतों! खिडक्या पावसासाठीं घट्ट लावलेल्या होत्या. दहा मिनिटांत पाय ऊन झाले आणि फार समाधान वाटलें.

तासाभरानें डोकें जड झाल्यासारखें वाटलें. प्रवासाचा शीण असेल म्हणून कूस बदलली. थोड्या वेळानें नातू कण्हला, “आजी, पोटांत ढवळतें आहे.” रताळीं बाधलीं असतील, असें म्हणून कुटुंबानें ओवा काढण्यासाठीं पिशवी चांचपली, पण उठून बसतांच तिला भोंवळ आली व ती पुन्हां आडवी झाली. आम्ही हें सर्व पाहात होतों, ऐकत होतों, आणि आमच्या मनाला त्याची कांहींच भीति वाटत नव्हती. वाटत होतें तें इतकेंच कीं झोंपावें. आज लिहितांना हीच गोष्ट आम्हांस सर्वांत भयंकर वाटते.

इतक्यांत भिंतीवरच्या साबणाच्या वडीएवढ्या एका पांढऱ्या डबींतून कर्कश आवाज सुरू झाला. चार टोले, क्षणभर थांबून पुन्हां चार टोले. चिरंजीव वरून अक्षरशः पडल्यासारखा खालीं उतरला. “बाबा, दार! आधीं दार उघडा!” आमच्यानें कडी निघेना. त्यानें आम्हांला ओलांडून दार लाथेनें उघडलें, मुलाला उचललें, आईला दंडाला धरून बाहेर ओढलें, आणि सूनबाईनें आम्हांस. पाऊस पडत होता. आम्ही पांचजण लांकडी मेजापाशीं भिजत, धापा टाकीत उभे, आणि उघड्या गाडींत ती डबी ओरडतच होती.

चिरंजीवानें फोन केला. अर्ध्या तासाच्या आंत अग्निशामक दलाची गाडी व रुग्णवाहिका आली. त्यांनीं प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावून रक्त पाहिलें, नातवाला व कुटुंबाला प्राणवायूचा मुखवटा लावला, आणि दुसऱ्या यंत्रानें गाडींतली हवा मोजली. मग त्यांतल्या एकानें ती शेगडी दोन्ही हातांनीं बाहेर आणून पावसांत ठेविली व काडीनें राख बाजूस केली. खालीं कोळसे लालबुंद होते. पावसाचे थेंब पडतांच ते चुरचुरूं लागले. “ही आंत कोणीं आणली?” असें त्यानें शांतपणें विचारलें. पस्तीस वर्षें आम्हीं वर्गांत असा प्रश्न विचारला होता. त्या रात्रीं हात आम्हीं वर केला.

चिरंजीव आम्हांस कांहीं बोलला नाहीं. रागावला असता तर बरें वाटलें असतें. पहांटे चहा देतांना इतकेंच म्हणाला, “मींच तुम्हांला आधीं सांगायला हवें होतें, बाबा.” आम्हांस त्याच्याकडे पाहवेना.

आमचा विषय संस्कृत. विज्ञानाचे शिक्षक शेजारच्या वर्गांत जें शिकवीत तें भिंतीपलीकडून वर्षानुवर्षें कानांवर पडलें, पण मनांत शिरलें नव्हतें; तें आतां नीट समजून घेतलें. कोळसा जळतांना त्याला पुरेसा वारा मिळाला नाहीं, तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. डोळ्यांची आग नाहीं कीं ठसका नाहीं. लांकडाचा धूर माणसाला खोकवून उठवितो. हा वायु थोपटून निजवितो. आपल्या रक्तांतील ज्या तांबड्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्याला हा वायु प्राणवायूच्या दोनशें पटींहूनहि अधिक जोरानें चिकटतो. मग श्वास चाललेला असतो, आणि शरीर मात्र आंतल्या आंत गुदमरत असतें. डोकें दुखणें, मळमळ, भोंवळ, सुस्ती हीं लक्षणें. आणि एकाच खोलींतल्या अनेकांना तीं एकदम होणें, ही मोठी खूण. असें झालें तर औषध शोधीत बसूं नये. आधीं मोकळ्या हवेंत जावें, मग डॉक्टरांस बोलवावें. अमेरिकेसारख्या देशांत, आगीचे अपघात सोडून, या वायूनें दरवर्षीं ४०० हून अधिक माणसें मरतात. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानांत दर हिंवाळ्यांत अंगीठी खोलींत ठेवून निजलेलीं अख्खीं कुटुंबें सकाळीं उठत नाहींत, हें आपण वर्तमानपत्रांत वाचतों आणि पान उलटतों.

राखेनें झांकलेला निखारा म्हणजे विझलेला निखारा नव्हे, हें ज्याला लहानपणापासून शिकविलें व ज्यानें इतरांना शिकविलें, त्यालाच त्या रात्रीं तें कळलें नाहीं. उलट आम्हीं भोंकें मिटलीं, म्हणजे विस्तवाचा वारा तोडून तो वायु अधिकच वाढविला. हसन्ती हंसतांना दिसते तेव्हां माणूस सावध असतो. तिनें तोंडावर पदर ओढला कीं तो फसतो.

उरलेले दोन मुक्काम शेगडी पेटली नाहीं असें नाहीं. चिरंजीवानें ती मुद्दाम पेटविली. म्हणाला, नाहीं तर तुम्ही जन्मभर कणीस खाणार नाहीं. पण काम झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी शिंपून, काडीनें हलवून, पुन्हां शिंपून, हाताला गार लागेपर्यंत तें चालू ठेवावें, आणि शेगडी बाहेरच राहावी, असा नियम केला. नियमाची अंमलबजावणी नातवाकडे सोंपविली व त्यानें ती फार कडकपणें केली. पाणी न घालतां कोळसे आपोआप विझूं दिले, तर राख टाकण्यापूर्वीं दोन पूर्ण दिवस जाऊं द्यावे, असें तिकडे सांगतात. आणि त्या यंत्राची घरघर त्या दोन रात्रीं आम्हांस चक्क गोड लागली.

हें सर्व लिहिण्यास एक निमित्त घडलें. आम्ही परत आल्यावर मार्गशीर्षांत थोरल्या बंधूंकडे गेलों. त्यांची नात पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. दहावा दिवस होता. खोलीचें दार उघडलें तों ओवा-शेपेचा ओळखीचा वास आला. बाजेखालीं कोळशांची शेगडी, बाळ-बाळंतीण दुलईंत, दारें-खिडक्या बंद. आमच्या सर्वांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या असेंच चालत आलें आहे. पण ती जुनी खोली कौलारू होती. कौलांच्या फटींतून, सळ्यांच्या खिडकींतून, दाराच्या खालून वारा रात्रंदिवस खेळत असे. खोली कोंदट वाटे, तरी ती बंद नव्हती. बंधूंचा तो वाडा पाडून आतां तेथें इमारत उभी राहिली आहे. चौथ्या मजल्यावर बिऱ्हाड, वर सिमेंटची तक्तपोशी, आणि ॲल्युमिनियमच्या चौकटींतल्या सरकत्या कांचा अशा बसलेल्या कीं मुंगीला वाट नाहीं. त्या खोलींत आणि आमच्या गृहरथांत आम्हांस कांहीं फरक दिसेना.

आम्हीं वहिनींना बाजूला बोलावून म्हटलें, “वहिनी, शेगडी बाहेर काढा, नाहीं तर खिडकी उघडा.”

“भाऊजी, चार बाळंतपणें मीं शेगडीवरच काढलीं. बाळंतिणीला वारा लागला तर तुम्ही येणार आहांत का शेकायला?”

“त्या वेळीं कौलें होतीं, वहिनी.”

आणि मग, मुलाला व कुटुंबाला दिलेलें वचन मोडून, आम्हीं त्या रात्रीची सगळी हकीकत त्यांना सांगितली. शेगडी आंत कोणीं आणली, हेंहि सांगितलें. वहिनी ऐकत राहिल्या. त्यांनीं एक शब्दहि काढला नाहीं. आंत जाऊन त्यांनीं पदरानें शेगडीचे कान धरले व ती उचलून सज्जांत नेऊन ठेविली, नातीच्या अंगावर आणखी एक दुलई घातली, आणि खिडकीची कांच चार बोटें सरकविली. मग स्वयंपाकघरांतून शेकासाठीं गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आल्या, आणि आमच्याकडे न पाहतां म्हणाल्या, “चहा ठेवला आहे, भाऊजी. घेऊन जा.”